ताटाची डावी बाजू

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.
नवी डायरी. पतसंस्थेची, रेक्झिनचं कव्हर, पान ऐसपैस. यंदा रोज लिहायचं. मागच्या वर्षीही ठरलं होतं, पण ती डायरी चंद्राने वाणसामानाच्या याद्यांना घेतली. बायकोला डायरी म्हणजे कोरा कागद. ही कपाटात ठेवणार.
संकल्प.
१) रोज फाट्यापर्यंत फिरणे.
२) तंबाखू दिवसाला चारच वेळा. (सध्या किती, हे लिहायची गरज नाही.)
३) सोनियाच्या लग्नाची पंगत.
सोनिया म्हणजे माझा धाकटा भाऊ गेनू याची मुलगी. लग्न २० एप्रिलला, कामथडीच्या कार्यालयात. गेनूला बुफे हवा. मी असेपर्यंत ते होणे नाही. विंझरपासून वेल्ह्यापर्यंत तीस वर्षं लग्नात पंगत बसली की पहिलं मीठ माझ्या हातचं. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो ते सरकारदरबारी. लोकांत माझी ओळख वाढपी हीच.

४ जानेवारी, शनिवार.
पंगतीचे नियम लिहून काढले. नवीन पोरांना वाचून दाखवणार.
एक. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ही ताटाची डावी बाजू. ती भरल्याशिवाय उजवीकडे भाजी-आमटी पडता कामा नये. डावी बाजू रिकामी ठेवून वाढणं म्हणजे गुरांना वैरण टाकणं.
दोन. पंक्तिप्रपंच नाही. एकाला वाढलं आणि शेजाऱ्याला विसरलं, यासारखा अपमान नाही.
तीन. वाढलेलं ताट फिरवायचं नाही. जसं मांडलं तसं जेवायचं.
फिरायला उद्यापासून.

९ जानेवारी, गुरुवार.
गावात तपासणी शिबिर. बीपी १२८/८२. नर्सबाई म्हणाल्या, छान आहे, गोळी चालू ठेवा. छान आहे तर गोळी कशाला, हा साधा प्रश्न त्यांना सुचला नाही. काम झालं की फाईल बंद करतात. गोळी आजपासून बंद. चंद्राला सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
चंद्राने ताट वाढावं तर असं. डावीकडे मीठ, लिंबू, लसणाची चटणी, गाजराची कोशिंबीर, कैरीचं लोणचं. चाळीस वर्षांत एकदाही डावी बाजू चुकली नाही. अर्थात शिकवलं मी.
तंबाखू सात वेळा. सण होता.

२६ जानेवारी, रविवार.
झेंडावंदनानंतर अंगणात पोरांना पंगतीचा सराव दिला. बादलीत पाणी घेतलं, आमटी समजून. बादली डाव्या हातात, डाव उजव्या हातात. चार पावलं गेलो आणि बादली सुटली. हातात जीवच नव्हता. बोलायला गेलो तर जीभ जड. चंद्रा म्हणाली, अवो, काय बोलताय ते कळंना. दहा-बारा मिनिटांत सगळं पूर्ववत.
कारण: बादलीची कडी गुळगुळीत. शिवाय सकाळी जिलबी.
चंद्रा म्हणाली दवाखान्यात चला. बरं झाल्यावर दवाखान्यात जाणं म्हणजे निकाल लागल्यावर अभ्यास. विषय बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.१०.
घरात विनाकारण गोंधळ. सहाला चहा घेतला, उत्तम. पावणेसातला न्हाणीघराच्या दारात पाय सटकला. फरशी ओली. चंद्राने उठवलं आणि म्हणते तोंड वाकडं झालंय. आरशात बघितलं. नेहमीचंच तोंड. तरी दवाखान्यात जायचं तर गबाळं जायला नको म्हणून दाढी केली. चंद्रा म्हणते अर्धीच केलीत. गाल चाचपून पाहिला. गुळगुळीत.
गेनू टेम्पो घेऊन दारात उभा. नाना, चला की लवकर, असा त्याचा तगादा. मी सांगितलं, आंघोळ होईल, मग निघू. आणि जाताना कामथडीला कार्यालयात डोकावू, पंगतीचा हॉल नक्की करू. एका खेपेत दोन कामं. गेनू नको म्हणत होता. मोठ्या भावापुढे त्याचं कधी चाललं आहे?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. पुणे, हॉस्पिटल.
हॉल नक्की झाला, ही मुख्य बातमी.
बाकी, इथे भरती केलं आहे. पक्षाघात म्हणतात. अमृत, म्हणजे मुलगा, पुण्यातच असतो, तो रजा टाकून आलाय. डॉक्टर म्हणाले उशीर केलात. साडेचार तासांच्या आत आला असतात तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आम्ही पावणेसातचे सव्वाबाराला पोहोचलो. साडेपाच तास. मी म्हणालो, त्यातून कामथडीचा एक तास वजा करा, बरोबर साडेचारच होतात. डॉक्टर काही बोलले नाहीत. हिशेबात पकडलं की माणूस गप्प होतो.
अमृत बाहेर पॅसेजमध्ये रडत होता, असं चंद्राकडून कळलं. त्याला पुण्याची धूळ सोसत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नोंद करून ठेवतो.
झटका दोन प्रकारचा. एकात मेंदूची रक्तवाहिनी फुटते आणि आत रक्त सांडतं. दुसऱ्यात गुठळी अडकून वाहिनी बंद होते, आणि तिच्या पलीकडचा मेंदू उपाशी मरतो. मला दुसरा. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणांना हाच होतो. म्हणजे मी मेजॉरिटीत आहे.
कारणं: बीपी, तंबाखू, बंद केलेली गोळी. गोळीचं चंद्राला आज कळलं.
जानेवारीत बादली पडली तीसुद्धा इशाऱ्याची घंटा होती म्हणे. दहा मिनिटांचा झटका. तेव्हाच आला असतात तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं. अर्धवट वाक्यं मला आवडत नाहीत.
मेंदूच्या उजव्या बाजूला लागलंय म्हणून शरीराची डावी बाजू अधू. सरकारी कामात असंच चालतं, चूक एका टेबलाची आणि मेमो दुसऱ्याला.
शेवटी अमृतला म्हणाले, यांचे डोळे ठीक आहेत, पण मेंदू डावीकडे बघायचंच विसरलाय. डाव्या बाजूचं जग यांच्यासाठी नाहीच. आणि ते नाही, हे यांना कळणारही नाही. मला कळणार नाही ते मला नीट कळलं, कारण मी तिथेच होतो. डॉक्टर तरुण आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार. विंझर.
घरी. काठी दिली आहे, चार पायांची. डावा पाय जरा ओढतो, तो विश्रांतीमुळे. डावा हात उत्तम. कामापुरता वापरत नाही एवढंच.
गोळ्या चंद्रा स्वतः हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
एक गोष्ट लिहायला नको होती, पण लिहितो. तीन दिवस झाले, ताटात चटणी नाही. लिंबू नाही. कोशिंबीर नाही. भाजी, आमटी, अर्धी भाकरी. विचारलं तर म्हणते, वाढलीय की. मीठ डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं, ते समजू शकतो. लिंबाने कोणाचं काय बिघडवलं?

३ मार्च, सोमवार.
पतसंस्थेने यंदा फसवलं. डायरीची पानं अरुंद. जानेवारीत लक्षात आलं नव्हतं. चार शब्दांत ओळ संपते. रविवारी अमृत आला होता, त्याला दाखवलं. तो म्हणाला, आप्पा, तुम्ही फक्त उजव्या अर्ध्या पानावर लिहिताय, डावीकडचं अर्धं कोरं आहे. शिकलेली मुलं, पण पानाला बाजू किती हे माहीत नाही. दोन. पुढची आणि मागची.

१० मार्च, सोमवार.
दुपारी आडवा होतो तेव्हा चंद्रा माझ्या पोटावर हात टाकून झोपते. या वयात. हात जड, गार. उचलून बाजूला केला तर परत तिथेच. शेवटी तिला म्हणालो, तुझा हात काढ. ती स्वयंपाकघरातून बोलली, अवो, तुमचाच हाय त्यो. मी म्हणालो, माझा हात मी ओळखत नाही का. मग ती आली, हात उचलला, उशीवर ठेवला आणि म्हणाली, बरं, माझाच. कबूल केलं, बरं वाटलं.

१६ मार्च, रविवार.
शिवानी म्हणून मुलगी येते व्यायाम घ्यायला. भोरची. फिजिओथेरपी शिकलेली. चांगली आहे, पण खेळ फार. आज कागदावर घड्याळ काढायला लावलं. एकपासून बारापर्यंत सगळे आकडे लिहिले, उजवीकडे जरा दाटी झाली, पण एकही सोडला नाही. तिने ते अमृतला मोबाईलवर पाठवलं. चांगलं झालेलं काम पुढे पाठवतातच.
जाताना म्हणाली, नाना, मान डावीकडं वळवायची सवय लावा, लुगड्याचा काठ, दाराची कडी, काहीतरी दिसंस्तवर वळवत ऱ्हावा. आणि जेवताना ताट अर्धं फिरवून बघा. मी तिला नियम तीन सांगितला. वाढलेलं ताट फिरवायचं नाही. ती चंद्राकडे बघत चपला घालू लागली.

२३ मार्च, रविवार.
डायरी उशाखाली डावी-उजवी झालेली वाटते. चंद्राला विचारलं, हात लावलास का. म्हणाली, पुसाया घेतली व्हती. वाचली असेल तर बरंच आहे. चटणीचा विषय तिच्या लक्षात येईल.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
आज व्हायला नको ते झालं.
पाडव्याला ताटात आधी कडुलिंबाचा प्रसाद, डाव्या कोपऱ्यात. लहान पोरालाही माहीत असतं. बसलो तर उजवीकडे पुरणपोळी, आमटी. कडुलिंब नाही. मीठ नाही. काहीच नाही. महिनाभर दाबून ठेवलेलं बाहेर आलं. म्हणालो, मी आजारी पडलो म्हणून माझी डावी बाजू काढून घेतलीस. चाळीस वर्षं वाढलंस ते मी नोकरीत होतो म्हणून. आता मी कामाचा नाही म्हणून मला वैरण टाकतेस. ताट ढकललं. आमटी पाटावर सांडली.
ती रडली असावी. दिसली नाही. हल्ली जेवताना ती समोर बसतच नाही, आवाज कुठूनतरी येतो. एवढंच म्हणाली, वाढलंय वो, समदं वाढलंय. दिवसभर ती जेवली नाही, असं गेनूकडून संध्याकाळी कळलं.
मी चुकलो असं मला वाटत नाही. पण झोपून उठलो तरी छातीत काहीतरी अडकल्यासारखं आहे. पुरणपोळी जड असते.

६ एप्रिल, रविवार.
गेनू आला. बुफेच करतो म्हणाला. नाना, तुमी खुर्चीत बसा, मान घ्या. मी म्हणालो, मान खुर्चीत बसून मिळत नाही, वाकून मिळतो. मग ठरलं: बुफे चारशेचा, पण वरपक्षाच्या आणि आपल्या थोरल्या मंडळींची एक पंगत. दोन ओळी, समोरासमोर. प्रत्येकी चोवीस पानं. मधून मी. फक्त मीठ मी वाढणार. वाटी गेनू धरणार.
मला हे मीठ वाढायचंच आहे. ते जमलं तर मी बरा आहे. हे मी कोणाला बोललो नाही.

१३ एप्रिल, रविवार.
अंगणात सराव. चंद्राने पत्रावळ्या मांडल्या, दोन्हीकडे म्हणते. मला एकच ओळ दिसली, पण वाद घातला नाही. मीठ व्यवस्थित पडलं. शिवानी म्हणाली, नाना, टोकाला गेल्यावर वळून परत या, म्हंजी दुसरी बाजू बी हुईल. वाढपी उलटा फिरत नाही. पंगतीत पुढेच जायचं असतं.

२० एप्रिल, रविवार. सायंकाळी ७.
झाली. पंगत झाली.
नवीन शर्ट, टोपी. गेनूने उजवीकडे वाटी धरली, स्वतः मुलीचा बाप असून. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक चिमूट, डाव्या कोपऱ्यात, जागेवर. काठी गेनूच्या काखेत. मी त्याच्या खांद्याला टेकत चाललो आणि वाकताना एकदाही पडलो नाही. टोकाला खुर्ची ठेवली होती, बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला लाज नाही. एकही तक्रार नाही. पंक्तिप्रपंच नाही. मेंदूच्या डॉक्टरांना बोलवायला हवं होतं.
चंद्रा दुसरी वाटी घेऊन माझ्या मागे मागे. कशाला, कोण जाणे. नवं लुगडं मिरवायचं असेल. मिरवू दे. आज मी सगळ्यांना माफ केलं आहे, चटणीसकट.

२४ एप्रिल, गुरुवार. दुपार.
सोनिया मांडवपरतणीला माहेरी आली आहे. पाया पडली आणि म्हणाली, नाना, तुमच्या पंगतीचं शूटिंग हाय. मोबाईल हातात दिला.
शूटिंग माझ्या खुर्चीच्या टोकाकडून घेतलेलं. म्हणजे मी समोरून चालत येतोय. माझी डावी बाजू मोबाईलमध्ये उजवीकडे.
आधी ओळखलंच नाही. कोणीतरी म्हातारा, पाय फरफटत. त्याचा एक हात शर्टाच्या दोन बटनांमध्ये खोचून ठेवलेला, लोंबू नये म्हणून. तो हात ओळखीचा वाटला. माझ्या पोटावर असतो तोच.
आणि मोबाईलच्या उजवीकडे एक अख्खी ओळ होती. चोवीस माणसं. वरपक्षाची. नवऱ्या मुलाचे मामा, आजोबा. हात मांडीवर ठेवून बसलेली. म्हातारा त्यांच्यासमोरून जातो, त्यांच्याकडे बघतही नाही. मामांनी वर पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून चंद्रा वाकली. मीठ ठेवलं. मान लववली, काहीतरी म्हणाली. मग पुढचं पान. मग पुढचं. चोवीस वेळा.
सोनियाला विचारलं, तिथे ओळ होती का? ती म्हणाली, व्हय नाना. व्हती.
मोबाईल परत दिला. तीस वर्षांत जे केलं नाही ते मी भरपंगतीत केलं आणि घरी येऊन त्याची शाबासकी लिहिली.

२५ एप्रिल, शुक्रवार.
दुपारी चंद्राने ताट ठेवलं. भाजी, आमटी, भात. चटणी नाही.
नियम तीन मोडला. उजव्या हाताने ताट अर्धं फिरवलं.
मीठ आलं. लिंबाची फोड. लसणाची चटणी. काकडीची कोशिंबीर. लोणच्याची फोड, वर थोडा खार. बाकीची अर्धी भाकरी. सगळं मांडलेलं, जागच्या जागी.
दवाखान्यातून आल्याला त्रेसष्ट दिवस झाले. दिवसाला दोन ताटं.
विचारलं, कुठे आहेस. म्हणाली, हितंच हाय, रोज हितंच तर बसते. शिवानीने सांगितलं तसं मान वळवत गेलो, वळवत गेलो, लुगड्याचा काठ दिसेपर्यंत. वर बघायचं धाडस झालं नाही. पाडव्याचं काही बोलणार होतो. ती म्हणाली, जेवा आधी, आमटी निवतीया.
जेवण झाल्यावर डायरीही ताटासारखी उलटी फिरवली. अमृत खरं बोलला होता. पानं अरुंद नाहीत. पण कोरीही नाहीत. ३ मार्चपासूनच्या प्रत्येक पानाच्या डाव्या अर्ध्यात पेन्सिलीने चंद्राचं अक्षर. चौथी पास. डायरी म्हणजे तिला कोरा कागद. तिचं होतं तसं खाली उतरवून घेतो, मला दिसेल अशा बाजूला.
३ मार्च. शेंगदाणं, गूळ, काडेपेटी. सकाळची गोळी दिली.
१० मार्च. हात त्यांचाच. सांगून उपेग न्हाई. आता माझाच म्हणते.
१६ मार्च. घड्याळ लई वाईट काढलं. अमृत फोनवर रडला.
३० मार्च. कडुलिंब वाढला व्हता.
१३ एप्रिल. अंगठा जरासा हलला. त्यांस्नी कळलं न्हाई.
२० एप्रिल. मीठ समद्यांस्नी पुरलं.